नीटनेटके घर विकले जात नसेल तर: अडथळा शोधण्याची क्रमवार पद्धत

घर रंगवून झाले, अडगळ निघाली, गळके नळ दुरुस्त झाले, येणारा प्रत्येक जण ‘घर छान ठेवले आहे’ असे म्हणून जातो आणि तरीही व्यवहार ठरत नाही. अशा वेळी बहुतेक मालक पुन्हा घरावरच खर्च करतात: नवे दिवे, नवा ओटा, रंगाचा आणखी एक हात. हा खर्च बहुधा वाया जातो, कारण घराची मांडणी ही विक्रीतील अनेक बाबींपैकी एक बाब असते आणि ती आधीच पुरी झालेली असते. अडथळा दुसरीकडे असतो. तो कोठे आहे हे न शोधता केलेला बदल म्हणजे अंधारात मारलेला तीर. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. क्रम उलटला, की किंमत उगाच उतरवली जाते किंवा दोष नसलेली भिंत पुन्हा रंगवली जाते.

टप्पा १: खरेदीदार कोणत्या पायरीवरून परत फिरतो ते नोंदवा

एक साधी वही घ्या आणि आतापर्यंतच्या प्रत्येक विचारणेची नोंद मागील संदेश, फोनची यादी आणि मध्यस्थाची आठवण यांच्या आधारे भरून काढा. विचारणा कोणत्या तारखेला आली, घराची माहिती कोठून मिळाली, पहिला प्रश्न कोणता विचारला, पाहायला आले की नाही, किती वेळ थांबले, कोणत्या खोलीत रेंगाळले आणि जाताना काय म्हणाले, एवढे रकाने पुरतात. पुढील प्रत्येक भेटीची नोंद त्याच दिवशी करा. दुसऱ्या दिवशी आपल्याला सोयीचे तेवढेच आठवते.

वही भरली, की खालीलपैकी एक चित्र स्पष्ट होऊ लागते.

विचारणाच होत नसेल, तर लोकांनी घर पाहून नाकारलेले नाही. ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेलेच नाही. दोष किमतीत किंवा जाहिरातीत आहे. विचारणा होते पण पाहायला कोणी येत नाही, असे असेल तर फोनवर दिल्या जाणाऱ्या उत्तरांत काहीतरी खटकते आहे: क्षेत्रफळ, मजला, वाहन ठेवण्याची जागा, ताब्याची तारीख किंवा ‘फक्त रविवारी सकाळी या’ अशी अट. लोक येतात, घराची तारीफ करतात आणि पुन्हा फिरकत नाहीत, असे असेल तर जाहिरातीने दिलेली अपेक्षा आणि प्रत्यक्ष घर यांत अंतर आहे किंवा घरात असा दोष आहे जो मालकाला दिसेनासा झाला आहे. बोली येते, बोलणी पुढे सरकतात आणि मग मोडतात, असे असेल तर घराचा संबंधच उरत नाही. अडचण कागदपत्रांत, कर्जात किंवा मालकांच्या आपसांतील मतभेदांत असते.

घर पाहून गेलेल्यांचे खरे मत काढण्यासाठी प्रश्न बदलावा लागतो. ‘घर कसे वाटले?’ या प्रश्नाला ‘छान आहे, विचार करून कळवतो’ हेच उत्तर मिळणार, कारण मालकाच्या तोंडावर त्याच्या घराला नावे ठेवणे कोणालाही अवघड जाते. त्याऐवजी दोन दिवसांनी फोन करून ‘तुम्ही पाहिलेल्या दुसऱ्या घरांत काय जास्त आवडले?’ असे विचारा. माणूस दुसऱ्याच्या घराबद्दल मोकळेपणाने बोलतो आणि त्या तारीफेत आपल्या घरात काय कमी पडले ते आपोआप सांगून जातो.

इशारा: दोन-तीन भेटींवरून निष्कर्ष काढू नये. एकच आक्षेप एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन-चार जणांकडून आला, तरच तो गंभीरपणे घ्यावा.

टप्पा २: कागदपत्रे आधी तपासा

खरेदीदार कागदपत्रांपर्यंत सर्वांत शेवटी पोहोचतो, म्हणून मालकही ती शेवटी काढतो. ही चूक सर्वांत महाग पडते. रंग चार दिवसांत होतो, पण नावातील फरक, जुन्या कर्जाची नोंद किंवा सहमालकाची संमती यांना किती वेळ लागेल हे आपल्या हातात नसते. त्यामुळे इतर कामे सुरू करण्यापूर्वी हे काम मार्गी लावावे.

मालकी सिद्ध करणारा मूळ दस्तऐवज आणि त्याआधीच्या मालकांपासूनची साखळी पूर्ण आहे का, सर्व कागदांवर नाव आणि क्षेत्रफळ एकसारखे आहे का, घरावर कर्जाचा बोजा असल्यास तो फेडल्यावर कागद किती दिवसांत परत मिळतील, कर आणि देखभालीची थकबाकी आहे का, हे पाहावे. नंतर बांधलेली खोली, बंद केलेली बाल्कनी किंवा काढलेली भिंत यांना आवश्यक तेथे मंजुरी घेतलेली आहे का, हेही तपासावे. सुंदर सजवलेल्या घरांत हा शेवटचा मुद्दा विशेष नडतो, कारण ज्या वाढीव खोलीमुळे घर प्रशस्त दिसते तीच कागदावर नसते. खरेदीदाराचा वकील ती मोजून क्षेत्रफळातून वजा करतो आणि तेथेच बोलणी थंडावतात.

तपासणी: मालकी हक्कात ज्यांचे ज्यांचे नाव आहे त्या सर्वांना किंमत, ताब्याची तारीख आणि पैशांची वाटणी मान्य आहे का? ‘तो आपल्या शब्दाबाहेर नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. संमती लेखी घ्यावी.

टप्पा ३: किंमत नव्याने ठरवा

विचारणा होत नसेल, तर बहुतेक वेळा गाठ येथेच असते आणि मालक येथेच पाहायला सर्वांत नाखूश असतो. किंमत ठरवताना शेजारच्या जाहिरातींकडे पाहणे ही नेहमीची चूक आहे. जाहिरातीत दिसणारी किंमत म्हणजे ज्या किमतीला ते घर अजून विकले गेलेले नाही ती किंमत. तुलना करायची ती प्रत्यक्ष नोंदवलेल्या, अलीकडच्या व्यवहारांशी. असे किमान तीन व्यवहार शोधावेत, त्यांचे क्षेत्रफळ एकाच मापात आणावे (१ चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट) आणि एकाच व्याख्येने मोजावे. एका घराचे भिंतींच्या आतील वापरण्याजोगे क्षेत्र आणि दुसऱ्याचे जिना-मार्गिकांसह धरलेले क्षेत्र यांची तुलना केली, की दर चौरस फुटाचा भाव निरर्थक होतो. मग मजला, इमारतीचे वय, उजेड, वाहनाची जागा आणि व्यवहाराची तारीख यांनुसार थोडे वरखाली करावे.

दुसरी चूक म्हणजे सजावटीवर झालेला खर्च जसाच्या तसा किमतीत घालणे. खरेदीदार दुरुस्त छप्पर, सुस्थितीतील वीजजोडणी आणि कोरड्या भिंती यांचे मोल मानतो, कारण ते न मिळाल्यास त्याला त्रास होणार असतो. परंतु तुम्ही हौसेने बसवलेले कपाट त्याला काढून टाकायचे असू शकते. शिवाय प्रत्येक परिसराला किमतीची एक वरची मर्यादा असते. त्या परिसरातील सर्वांत महाग घर घ्यायला निघालेला माणूस त्याच पैशांत दुसऱ्या, अधिक चांगल्या परिसरातील साधे घरही पाहतो आणि बहुधा तेच घेतो.

तिसरी चूक मनाची आहे. डेव्हिड जेनेसोव आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टनमधील सदनिकांच्या १९९० च्या दशकातील विक्रीचा अभ्यास करून २००१ मध्ये दाखवून दिले, की ज्यांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमीत विकावे लागणार होते ते मालक त्या संभाव्य तोट्याच्या सुमारे २५ ते ३५ टक्के एवढी रक्कम आपल्या मागणीत वाढवून ठेवत होते आणि त्यांची घरे अधिक काळ पडून राहत होती. आपण किती दिले, किती खर्च केला आणि पुढच्या घरासाठी किती लागतील, या तिन्ही आकड्यांशी खरेदीदाराला काहीही देणेघेणे नसते. हे तीन आकडे कागदावर लिहून बाजूला ठेवल्याखेरीज किंमत ठरवायला बसू नये.

शेवटी, आकडा शोधाच्या चौकटीत बसतो का ते पाहावे. संकेतस्थळांवर लोक ‘१०० पर्यंत’, ‘१०० ते १२०’ अशा गोल आकड्यांच्या पट्ट्यांत शोधतात. अपेक्षित किंमत १०२ ठेवली, तर १०० पर्यंत शोधणाऱ्यांना घर दिसतच नाही आणि १२० पर्यंत शोधणाऱ्यांच्या यादीत ते अधिक मोठ्या घरांच्या पंगतीत बसते. घासाघिशीसाठी ठेवलेले हे वरचे २ अनेकदा संपूर्ण गिऱ्हाईकवर्गच तोडून टाकतात.

इशारा: ‘सांगायला काय जाते, कोणीतरी देईलच’ या विचाराने सुरुवातीला चढी किंमत लावू नये. जाहिरात नवी असतानाच घर शोधणाऱ्यांचे लक्ष तिच्याकडे सर्वाधिक असते. ते दिवस चढ्या किमतीत गेले, की पुढे उतरवलेली किंमतही ‘यात काहीतरी गोम असणार’ अशा संशयाने पाहिली जाते.

टप्पा ४: जाहिरात प्रत्यक्ष घराशी ताडून पाहा

छायाचित्रे हातात घेऊन प्रत्येक खोलीच्या दारात उभे राहा. फोनच्या अतिरुंद भिंगाने (ज्याला अनेक फोनांत ०.५ अशी खूण असते) काढलेल्या चित्रात जवळच्या वस्तू मोठ्या आणि समोरची भिंत दूर गेलेली दिसते; लहान खोली दालनासारखी भासते. अशा चित्रामुळे भेटी वाढतात, पण प्रत्येक भेट दारातच निराशेने सुरू होते. नेहमीच्या भिंगाने, छातीच्या उंचीवरून, फोन सरळ धरून, दिवसाच्या उजेडात पुन्हा छायाचित्रे काढावीत. फुलदाणी आणि उशांचे जवळून काढलेले फोटो काढून टाकावेत. ज्याला घर घ्यायचे आहे त्याला न्हाणीघर, स्वयंपाकघराचा ओटा, खिडकीबाहेरचे दृश्य आणि इमारतीचे प्रवेशद्वार पाहायचे असते आणि ते न दिसल्यास तो लपवलेले आहे असे समजतो.

खोल्यांची भिंतीपासून भिंतीपर्यंतची मापे आणि साधा नकाशा जोडल्यास निष्फळ भेटी बऱ्याच कमी होतात. नकाशा नसलेल्या जाहिरातीत दोन खोल्यांमधून जाण्याचा रस्ता कोठून आहे हेच कळत नाही. वर्णनात ‘आलिशान’, ‘स्वप्नातील’ अशी विशेषणे टाळून मजला, दिशा, पाण्याची व्यवस्था, मासिक खर्च, ताबा केव्हा आणि सोबत काय मिळणार हे सांगावे.

तपासणी: घर कधीही न पाहिलेल्या एखाद्या परिचिताला जाहिरात वाचायला द्या आणि घराचा नकाशा काढायला सांगा. त्याला जेथे अडखळायला होईल तेथे माहिती कमी आहे.

टप्पा ५: भेटीच्या वेळी घर कसे असते ते तपासा

लोक येतात पण परतत नाहीत, असे चित्र असेल तर या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. खरेदीदार खोलीच्या मध्यभागी उभा राहून फार काळ पाहत नाही. तो सिंकखालचे दार उघडून वाकतो, पाइपाच्या सांध्याला बोट लावून पाहतो, पडदा सरकवून खिडकीच्या चौकटीचा खालचा कोपरा न्याहाळतो, कपाट आणि भिंत यांमधील फटीत डोकावतो. दिवाणखान्याची मांडणी तेथपर्यंत पोहोचलेली नसते आणि त्या दोन-चार जागांवरून तो संपूर्ण घराविषयी मत बनवतो.

सुरुवात वासापासून करावी. नाक सवयीच्या वासाला काही मिनिटांतच सरावते, म्हणून घरात राहणाऱ्याला ओलीचा, धुराचा किंवा पाळीव प्राण्याचा वास येत नाही. घर खिडक्या लावून बंद ठेवा, काही तास बाहेर घालवा आणि आत शिरताच जो वास येईल तो लगेच लिहून ठेवा. त्यावर सुगंधी फवारा हा उपाय नव्हे. घमघमाट आला, की सावध माणूस त्याखाली काय दडले आहे ते शोधू लागतो.

नंतर ओल. एखाद्या भिंतीवर पुसट डाग किंवा फुगलेला रंग असेल, तर त्या जागी हातभर ॲल्युमिनियमचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद लावून एक-दोन दिवस ठेवा. कागदाच्या बाहेरील बाजूस पाणी साचले तर ते खोलीतील दमट हवेचे आहे आणि वायुवीजन सुधारून भागेल. भिंतीकडील बाजूस थेंब आले तर पाणी भिंतीतून येते आहे आणि त्याचे मूळ शोधावे लागेल. ओल्या भिंतीवर दिलेला रंग काही काळाने फुगतो, पोपडे सुटतात आणि पांढरे क्षार वर येतात. त्याहून वाईट म्हणजे एकाच भिंतीचा, एकाच कोपऱ्याचा ताजा रंग जाणत्या खरेदीदाराला डागापेक्षा अधिक संशयास्पद वाटतो. दोष दुरुस्त केला असेल, तर दुरुस्तीचे बिल आणि कामाची छायाचित्रे समोर ठेवावीत.

यानंतर दोन नळ एकाच वेळी सोडून पाण्याचा जोर पाहा, प्रत्येक दार आणि खिडकी उघडून लावा, गर्दीच्या वेळी आणि रात्री खिडकीशी पाच मिनिटे गप्प उभे राहून आवाज ऐका. भेटीसाठी घर सर्वांत उजळ असते ती वेळ ठेवावी. मात्र दुसरी भेट मागणाऱ्याला संध्याकाळचे घरही पाहू द्यावे, कारण तो ते आज ना उद्या पाहणारच.

घर अति नीटनेटके असण्याचाही तोटा होतो. ओट्यावर एक भांडे नाही, खोलीत एक पिशवी नाही, असे घर पाहणाऱ्याला आवडते, पण आपला संसार येथे मावेल कोठे हे त्याला कळत नाही. दोन-तीन कपाटे अर्धी रिकामी करून उघडी पाहता येतील अशी ठेवावीत. तसेच पूर्ण रिकाम्या खोलीत पलंग बसेल की नाही याचा अंदाज येत नाही. तेथे निदान एक पलंग किंवा टेबल ठेवावे.

आणि मालकाने मागे-मागे फिरू नये. दार उघडावे, घराची दोन वाक्यांत माहिती द्यावी आणि बाल्कनीत किंवा बाहेर थांबावे. मालक जवळ असला, की नवराबायको आपसांत आक्षेप बोलत नाहीत. न बोललेला आक्षेप सुटत नाही आणि ते नम्रपणे निघून जातात.

इशारा: ‘आम्हाला घाईने विकायचे आहे’ किंवा ‘सहा महिने झाले, कोणी घेत नाही’ असे भेटीत बोलून जाऊ नये. पहिल्या वाक्याने किंमत पडते, दुसऱ्याने संशय वाढतो.

टप्पा ६: जे बदलता येत नाही ते वेगळे काढा

रस्त्याचा आवाज, उद्वाहक नसलेल्या इमारतीतील वरचा मजला, एका खोलीतून दुसरीत जाण्याची वाट, समोरची उंच भिंत: यांवर सजावट हा उपाय नाही. अशा दोषाला दोनच उत्तरे असतात. एक, त्याचे मोल किमतीतून वजा करणे. दोन, ज्याला तो दोष नडत नाही असा खरेदीदार गाठणे, उदाहरणार्थ बाजारपेठेजवळचे आवाजी घर हे ज्याला तेथेच व्यवसाय करायचा आहे त्याला सोयीचे असते. दोष फोनवरच सांगून टाकावा. भेटी कमी होतील, पण ज्या होतील त्या कामाच्या होतील.

टप्पा ७: बोली आल्यावर व्यवहार मोडू न देणे

बोली स्वीकारण्यापूर्वी खरेदीदाराची पैशांची व्यवस्था विचारावी: स्वतःचे किती, कर्ज किती, कर्जाची प्राथमिक मंजुरी आहे का आणि त्यासाठी त्याला आधी स्वतःचे घर विकायचे आहे का. कर्ज देणारी संस्था सामान्यतः स्वतः घराचे मूल्यांकन करून घेते आणि ठरलेली किंमत व मूल्यांकन यांपैकी जो आकडा कमी असेल तो धरते. समजा किंमत १०० ठरली, खरेदीदाराने ८० टक्के कर्ज धरून स्वतःचे २० जमवले आणि मूल्यांकन ९० आले. आता कर्ज ७२ मिळेल आणि त्याला २० ऐवजी २८ उभे करावे लागतील. घर त्याला आवडले होते, किंमतही मान्य होती. व्यवहार मोडला तो या ८ मुळे. चढी किंमत मान्य करणारा खरेदीदार मिळूनही घर विकले जात नाही, याचे हे नेहमीचे कारण आहे.

म्हणून दोन बोली जवळजवळ सारख्या असतील, तर थोडी कमी पण पैशांची तयारी असलेली बोली घ्यावी. पंखे, कपाटे, गिझर यांपैकी काय घराबरोबर जाणार याची यादी बोलीच्या वेळीच लिहावी. अशा किरकोळ वस्तूंवरून अखेरच्या आठवड्यात वाद होतात आणि तोवर दोन्ही पक्ष थकलेले असतात. इसार घेऊन लेखी करार होईपर्यंत इतरांना घर दाखवणे थांबवू नये. पहिल्याच होकारावर जाहिरात उतरवणारे मालक व्यवहार मोडल्यावर शून्यापासून सुरुवात करतात.

टप्पा ८: बदल कोणत्या क्रमाने करावेत

सर्व उपाय एकदम केले, तर कशाचा उपयोग झाला ते कळत नाही आणि बहुधा किंमत गरजेपेक्षा जास्त उतरते. आधी फुकटचे बदल करावेत: भेटीच्या वेळा वाढवणे, फोनवरची उत्तरे सुधारणे, मालकाने बाजूला राहणे. मग छायाचित्रे आणि नकाशा, मग वास, ओल व गळती यांसारखे दोष. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन आठवडे वहीतील नोंदी पाहाव्यात. विचारणा वाढल्या पण भेटी वाढल्या नाहीत, तर अडथळा एक पायरी पुढे सरकला आहे असे समजावे. ही प्रगती आहे, अपयश नव्हे.

एवढे करूनही चित्र बदलले नाही, तर किंमत उतरवावी, मात्र एकदाच आणि शोधाचा खालचा पट्टा गाठेल एवढी. दर पंधरवड्याला थोडी-थोडी उतरवलेली किंमत पाहणाऱ्याला एकच गोष्ट सांगते: अजून थांबा, आणखी उतरेल. किंमत बदलेल त्याच दिवशी नवी छायाचित्रे लावावीत, पूर्वी येऊन गेलेल्या आणि किमतीवरून मागे हटलेल्या प्रत्येकाला स्वतः फोन करावा आणि वहीत नवे पान सुरू करून त्यावर त्या दिवसाची तारीख घालावी.